मॅडम आधी उतरतील

सुखदेव मिस्त्री गोबर गॅसच्या टाकीत उतरण्याआधी कोंबडीची परवानगी घ्यायचा. हे मी गमतीने म्हणत नाही. टाकीचं झाकण उघडून झालं की तो मागे सरायचा, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचा आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे वाकून म्हणायचा, "चला मॅडम. तुमी पुढं व्हा."

पिंजरा म्हणजे जुन्या टेबलफॅनच्या दोन जाळ्या, समोरासमोर धरून तारेने आवळलेल्या. वर कडी, कडीला दोर. मिस्त्री दोर हळूहळू सोडायचा. पिंजरा तळाला टेकला की दोराचं टोक मनगटाला गुंडाळून उकिडवा बसायचा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा. आमच्या जिल्ह्यात वेळ मोजायला घड्याळ लागत नाही, खर्रा असतो. तो चघळून होईस्तोवर मॅडम खाली. मग पिंजरा वर. कोंबडी पंख फडफडवत, अख्ख्या गावाला शिव्या घालत वर आली की मिस्त्रीचा चेहरा खुलायचा. "ओरडली," तो म्हणायचा. "ओरडली म्हंजे हवा हाय." मग खर्रा थुंकायचा, टोपी डोक्यावर चढवायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि टाकीत उतरायचा.

आणि नाही ओरडली तर? एका गावात मॅडम मान टाकूनच वर आल्या. मिस्त्री पिंजरा उचलून निंबाखाली पळाला, टोपीने वारा घातला, चोचीवर पाणी शिंपडलं. मॅडमनी एक डोळा उघडला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग मालकाला सांगितलं, पुढच्या बाजारापर्यंत टाकी उघडीच राहील, कोणी जवळ फिरकायचं नाही. मालकाच्या घरी पाहुणे यायचे होते, मालकीण चुलीवर फुंकून फुंकून रडकुंडीला आलेली. मालक चिडून म्हणाला, "एका कोंबडीच्या नादानं काम थांबवता काय मिस्त्री?" मिस्त्री म्हणाला, "मंग तुमी उतरा, कोंबडीच्या जागी." मालक उतरला नाही.

माझं दारव्ह्यात बाजाराच्या रस्त्यावर पाईप, नळ आणि सिमेंटचं दुकान आहे. मिस्त्री माझं जुनं गिऱ्हाईक. आला की आधी जयभीम, मग रंगाच्या रिकाम्या डब्यावर बैठक, मग खर्रा, मग गप्पा, आणि सगळ्यात शेवटी, आठवलं तर, सामान. बुटका, रुंद, मिशीला काळा कलप लावणारा माणूस. स्वतःबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं. "भाऊ, दारव्ह्यापासून दिग्रसपर्यंत जा," तो मला सांगायचा, "टाकीच्या घुमटावर टिचकी मारा. ठण्ण वाजला त माह्या हातचा, भद्द वाजला त दुसऱ्या कोनाचा." मी एकदा त्याने स्वतः बांधलेल्या घुमटावर त्याच्यासमोर टिचकी मारली. भद्द वाजलं. तो म्हणाला, तुमची टिचकी बरोबर नाही.

त्याची काही शास्त्रं त्याचीच होती. काळ्या गाईच्या शेणाची ज्योत जास्त निळी असते आणि जर्सीच्या शेणाचा गॅस पाण्यासारखा पातळ, असं तो छातीठोकपणे सांगायचा. ज्या घरात सासू-सुना भांडतात तिथे गॅस धरत नाही, असंही त्याचं म्हणणं होतं. "जंतू घाबरतात," तो म्हणायचा. "शेनातला जंतू लय नाजूक असते भाऊ." त्यामुळे एखाद्या घरचा गॅस कमी पडला की तो आधी पाईप तपासायचा आणि मग सासूला बाजूला घेऊन समजवायचा. दोन्हींपैकी कशाने फरक पडायचा ते देव जाणे, पण गॅस यायचा.

कामाच्या जागी काडीपेटीचा त्याला भारी धाक. फाटकातच टोपी उलटी धरून उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून काडीपेटी, बिडी, लायटर काढून घ्यायचा, देवळात पेटी फिरवावी तशी. सरपंचाचाही खिसा त्याने चाचपला होता. आणि वासाबद्दल त्याचा एक नियम होता, तो त्याने मला इतक्यांदा ऐकवलाय की झोपेत विचारलं तरी सांगेन: "सडल्या अंड्याचा वास येते तवर ठीक हाय. वास येता येता बंद झाला, का समजा नाक मेलं. आता आपला नंबर."

कोंबडीला मॅडम म्हणण्याचंही कारण होतं. पूर्वी गोबर गॅसचं काम तपासायला तालुक्याहून एक बाई यायच्या. त्या कामावर ओरडल्या म्हणजे काम मंजूर, आणि काहीच न बोलता निघून गेल्या म्हणजे कागद अडकला, असा मिस्त्रीचा अनुभव. कोंबडीचंही तेच. म्हणून ती मॅडम. एक मॅडम म्हातारी झाली की दुसरी यायची, पण जुनीला कोणी हात लावायचा नाही. रिटायर झालेल्या सगळ्या मॅडमा मिस्त्रीच्या अंगणात खात-पीत, उकिरडा उकरत म्हाताऱ्या व्हायच्या. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात. या घरात मुर्गी डाळीच्या कितीतरी वर होती. स्वतः मिस्त्रीने कोंबडी खाणं सोडलं होतं. कोणाच्या घरी कार्यक्रमाला गेला तर पानावर भात आणि वरण घ्यायचा, रस्सा वाढणाऱ्याला हात आडवा करून सांगायचा, "खात्याच्या लोकाईले खात नाई आमी."

कामाला जाताना काळीपिवळीत तो पिंजरा मांडीवर घेऊन बसायचा. जीपमधले लोक हसायचे. ड्रायव्हर म्हणायचा, मॅडमले खिडकीची सीट द्या. मिस्त्री खरोखरच खिडकी मागायचा. "बाहेरची हवा घेऊ द्या तिले," म्हणायचा, "आत्ता आतली घ्याची हाय."

लोक हसत, कारण त्यांना आधीचं ठाऊक नव्हतं. मला होतं.

गोबर गॅसच्या आधी सुखदेव मिस्त्री विहिरी खोदायचा. तो आणि गणपत, असे दोघे जोडीदार. एक खाली, एक वर, दोर वरच्याच्या हातात. बंद पडलेल्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील पेटवून दोराने खाली सोडायचा, ही या कामातली जुनी रीत. कंदील विझला तर खालची हवा वाईट, उतरायचं नाही. पेटता राहिला तर बिनघोर उतरायचं. दोघांचा जन्म त्यावर गेला होता. पुढे गावोगाव गोबर गॅस आले, विहिरीपेक्षा काम सोपं, म्हणून दोघे त्यात शिरले. बांधायला शिकले. साफ कसं करायचं ते कोणी नीट सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा यांनी ऐकलं नाही. पहिलीच तुंबलेली टाकी उपसायला गेले, झाकण उघडलं, आणि विहिरीच्या सवयीने कंदील पेटवून आत सोडला. गणपत तोंडाशी वाकून ज्योत विझते का ते पाहत होता.

विहिरीतल्या वाईट हवेत ज्योत विझते. गोबर गॅसच्या टाकीत ती विझत नाही.

गणपत वाचला. चेहरा आणि दोन्ही हात गेले. नंतर बरीच वर्षं तो घरातल्या बाजेवर तोंडावरून दुपट्टा घेऊन पडून असायचा, कोणासमोर येत नसे. मिस्त्री दर बाजाराला त्याच्याकडे जायचा आणि त्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने खर्रा घालायचा. एकदा तिथेच बोलता बोलता दुपट्ट्याआडून गणपत म्हणाला, "कंदील नाई चालत त कोंबडं सोड ना बे. त्याले बी फुफ्फुस असते." आणि घरातलीच एक तलंग, तरणी कोंबडी, मिस्त्रीला द्यायला लावली. ती पहिली मॅडम. काही वर्षांनी गणपत गेला. हे सगळं मला मिस्त्रीने एका दुपारी दुकानात सांगितलं, नेहमीसारखंच, हातवारे करून, मध्येच विनोद करत. फक्त शेवटी थांबला आणि म्हणाला, "दोर माह्या हातात होता भाऊ." त्यानंतर मी त्या कोंबडीवर हसलो नाही असं नाही, पण हसू पहिल्यासारखं आलं नाही.

गणपतचा मुलगा विलास. बाप बाजेवर पडलेला असल्यापासून मिस्त्रीने त्याला धरून ठेवला. आधी शाळा, मग काम. वीट कशी कापायची, घुमटाला गोलाई कशी द्यायची, सगळं शिकवलं. पोरगा हुशार निघाला. मिस्त्रीची एकुलती मुलगी नंदा. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. विलास आणि नंदाचं एकमेकांवर मन आहे हे सगळ्या आळीला ठाऊक झाल्यावर शेवटी मिस्त्रीलाही कळलं, आणि त्याला इतका आनंद झाला की लग्नात तो नवरदेवापेक्षा जास्त नाचला. एक अडचण झाली. लग्नापर्यंत तो विलासला "अबे इल्या, फावडं आन" म्हणायचा. जावयाला तसं म्हणता येईना. दुसऱ्या दिवसापासून कामावर ऐकू येऊ लागलं, "जवाईबापू, जरा फावडं आनता का?" विलास लाजेने फावड्याआड तोंड लपवायचा.

आमच्याकडे जावई घरी आला की कोंबडी कापायची असते. गरिबाच्या घरीही. ब्रॉयलर चालत नाही, गावरान पाहिजे. कापली नाही तर जावयाचा मान गेला, असा सरळ हिशेब. आता मिस्त्रीच्या अंगणात कोंबड्यांचा बाजार भरलेला, आणि जावयाच्या ताटात वांग्याची भाजी. पहिल्या वेळी विलासच्या काकाने ऐकून घेतलं. दुसऱ्या वेळी म्हणाला, "कोंबड्यात राहून जवायाले वांगं चारते, हा कोनता मान?" विलास स्वतः काही बोलला नाही. त्याला वांगं आवडतं, असं नंदा सांगायची. खरं खोटं तिला माहीत.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. घरोघरी सिलिंडर आले. गुरं कमी झाली, शेण कोण कालवणार? मिस्त्रीच्या घुमटांवर गवत उगवलं. एका ठिकाणी टाकीत गुरांचं कुटार भरलेलं मी स्वतः पाहिलं. माझ्याही दुकानात गॅसचे कॉक धूळ खात पडले आणि पुढच्या फळीवर सोलर पंपाचे क्लॅम्प आले. मिस्त्री त्यांच्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहायचा. "ह्याच्यात उतरा लागत नाई का कुठी?" त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, वर चढावं लागतं. "मंग आपलं काम नाई," तो म्हणाला.

विलासने मात्र मार्ग काढला. यवतमाळला लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक मोठा गॅस प्रकल्प सुरू झाला होता. शेण, कुजका भाजीपाला, गिरणीतला कचरा, सगळ्याचा गॅस करायचा. गोबर गॅसचंच काम, फक्त टाकी सिनेमा थिएटरएवढी. अनुभव आहे म्हणून विलासला लगेच घेतलं. पिवळं हेल्मेट, बूट, कमरेला पट्टा, पाठीवर हवेची नळकांडी, आणि खिशाला लटकवायचं एक छोटं यंत्र, जे हवा वाईट असली की किंचाळतं. तो आणि नंदा लोहाऱ्याला खोली करून राहू लागले. मिस्त्री पेढे घेऊन दुकानात आला. पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "मशीन दिली हाय त्याले. किंचाळते म्हने." मी म्हटलं, बरं झालं. पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "किंचाळते. पन मरते का?"

मला आधी कळलं नाही. तेव्हा त्याने समजावून सांगितलं. मशीनला जिवाची भीती नाही. ज्याला मरायचं नाही, त्याच्या साक्षीवर माणूस खाली कसा सोडायचा?

मी त्याला शक्य तेवढं समजावलं. ते यंत्र कोंबडीपेक्षा चांगलं असतं, कोंबडीला कळेपर्यंत उशीर होतो, यंत्राला आधी कळतं. हे खरंच आहे, आणि मिस्त्रीला ते पटलंही असावं. पण पटणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक थंड असल्याचं कितीही सांगा.

मग तो दिवस आला. लोहाऱ्याची मोठी टाकी पहिल्यांदा उपसायची होती, विलास आत जाणार होता. नंदाने आदल्या संध्याकाळी फोनवर सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या काळीपिवळीने मिस्त्री निघाला. नवी टोपी, मिशीला ताजा कलप, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात मॅडम.

पुढचं मला विलासकडून कळलं, आणि थोडं मिस्त्रीकडून. फाटकावरच्या गार्डने कोंबडी आत नेता येणार नाही म्हणून सांगितलं. मिस्त्री म्हणाला, मी नाही जात, फक्त मॅडमला जाऊ द्या. गार्डला वाटलं, मॅडम म्हणजे कोणी मोठ्या बाई मागून गाडीने येताहेत. त्याने आत फोन लावला. आतून खरोखरच प्रकल्पाच्या इंजिनिअर मॅडम बाहेर आल्या. चांगल्या घरची, शांत मुलगी. तिने मिस्त्रीला सावलीत बसवलं, चहा दिला, यंत्र हातात देऊन दाखवलं, कसं वाजतं तेही वाजवून दाखवलं. यंत्र किंचाळलं आणि पिंजऱ्यातली कोंबडी त्याहून मोठ्याने किंचाळली. तोवर आतली सगळी माणसं जाळीपाशी गोळा झालेली. कोणीतरी म्हणालं, "विल्या, तुहा सासरा आला रे, आहेर घेऊन." आणि सगळे हसले.

मिस्त्री हात जोडून त्या मुलीला म्हणत होता, "एक डाव सोडून पाहू द्या, बाई. दोर मी धरतो." विलास जाळीच्या आत हेल्मेट घालून उभा होता. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून तिथे त्याचं नाव पडलं, कोंबडीचा जवाई. डबा खाताना कोणी "कुक कुक" करायचं, लॉकरवर कोणी पीस चिकटवून ठेवायचं. माणसं वाईट नव्हती, पण हसायला मिळालं की कोण सोडतो. विलासने काही दिवस सहन केलं. मग एका सुट्टीच्या दिवशी दारव्ह्याला आला आणि घरी न जाता थेट माझ्या दुकानात आला, कारण मिस्त्री तिथे बसलेला असणार हे त्याला माहीत होतं.

"मामाजी," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "तुमी माह्यासाठी आलते, हे मले समजते. पन ते कोंबडी पाह्यली का मले माहा बाप दिसते. दुपट्ट्याखालचा. तुमाले दिसते तसाच मले बी दिसते. मले रोज उतरा लागते तिथं. मी त्याले डोक्यात घेऊन कसा उतरू?"

मिस्त्री डब्यावर बसलेलाच राहिला. एरवी माणूस दहा बोलायचा. तेव्हा एवढंच म्हणाला, "म्हनून त आनतो ना बाप्पा तिले."

विलासचा आवाज चढला. "ज्या दिवशी त्या मॅडमचा रस्सा कराल, त्या दिवशी येईन जेवाले. तवर नाई." आणि गेला. रस्त्यात दोन गिऱ्हाइकं थांबून पाहत होती.

नंतर विलास आला नाही. नंदाही आली नाही. ती नवऱ्याच्या सांगण्यावरून थांबली होती असं नाही, तीच रागावली होती. फोन करायची, तब्येत विचारायची आणि ठेवायची. दिवाळी गेली. मिस्त्रीने फराळाचं काही आणलं नाही, मीच घरून डबा दिला. तो अंगणात एकटा बसून मॅडमांना चिवडा टाकताना मी पाहिला. मी त्याला म्हटलं, विलास रागात बोलला, तू त्याच्याकडे जाऊन ये. तो म्हणाला, "जाऊन काय करू भाऊ? तिकडं गेलो का मी कोंबडीवाला. इकडं राह्यलो का कोंबड्याच." मी गिऱ्हाइकाला टेफलॉन टेप काढून दिली.

एका रविवारी सकाळी तो दुकानात आला. बसला नाही. "आज जेवाले या भाऊ. जवाई येऊन राह्यले. फोन केलता मी."

"काय बेत?"

"या त."

मी गेलो तेव्हा नंदा आतल्या शेगडीवर भाकरी टाकत होती. मिस्त्रीच्या घरचा गॅस अजून त्याच्याच टाकीचा होता, निळी ज्योत, तिचा त्याला फार गर्व. अंगणात म्हाताऱ्या मॅडमा नेहमीसारख्या उकरत होत्या. मसाल्याचा वास सुटला होता. मला आनंद झाला, बाजारातून गावरान आणली असणार, एकदाचा जावयाचा मान झाला. मग भिंतीच्या खुंटीकडे नजर गेली. पंख्याच्या जाळीचा पिंजरा टांगलेला होता, दार उघडं. मिस्त्रीच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. हाताला सवय नव्हती त्याच्या.

"तूच कापली?" मी हळूच विचारलं.

"दुसऱ्याच्या हातात कायले देवाची," तो म्हणाला.

विलास हात धुऊन बसला. पहिला घास घेतला आणि राग विसरून म्हणाला, "गावरान हाय मामाजी. कुठून आनली?"

"घरचीच हाय."

"घरची? कोनती?"

"मॅडम."

विलासचा हात ताटातच राहिला. भाकरीवरचा नंदाचा हात थांबला. तिला सकाळी आल्यापासून माहीत होतं, तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी? विलास म्हणाला, "मी रागात बोललो होतो ते."

"मले मालूम हाय."

"मंग काहून?"

मिस्त्री त्याच्या समोर बसला. टोपी काखेत होती. "ते कोंबडी माह्यासाठी नोती जवाईबापू. माहा काय, मी म्हातारा मानूस. तुमी माह्यासंगं कामाले लागले, तवापासून तिले खाली सोडताना मी मनात तुमचं नाव घे. आधी तिनं जावं, मंग तुमी जावं. आता तुमची मशीन हाय. चांगली हाय मशीन, मी पाह्यली, त्या बाईनं वाजवून दाखवली. तुमी तिच्याशिवाय उतरता. मंग तिचं काय काम राह्यलं? ते घरात असल्यानं तुमी येत नाई, नंदी येत नाई. एवढी महाग कोंबडी कोन पाळते?" मग ताटाकडे बोट दाखवलं. "खा. थंडं होते."

विलासने खाल्लं. ताट पुसून खाल्लं. न खाणं त्याला सोपं गेलं असतं. मीही खाल्लं. सांगू नये, पण रस्सा फार चांगला झाला होता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. मिस्त्रीने वरणभात घेतला.

निघताना विलासने खुंटीवरचा पिंजरा काढला, त्याचं दार लावलं आणि परत टांगला. त्याच्या बापाच्या कल्पनेतून आलेला तो पिंजरा आता रिकामाच राहणार होता, हे मला तेव्हा जाणवलं. त्यालाही जाणवलं असणार. उंबऱ्यापाशी चप्पल घालता घालता त्याने विचारलं, "मामाजी, फोन संगंच असते ना तुमच्या?"

"असते. काहून?"

"तसंच इचारलं," विलास म्हणाला.

आता नंदा सणावाराला येते, विलास येतो. मिस्त्री बाजारातून कोंबडी आणून कापतो, स्वतः वरणभात खातो. टाकीची कामं त्याने बंद केली. कोणी बोलवायला आलं तर म्हणतो, आमचं खातं बंद झालं. त्यात तो खूश आहे असं मी म्हणणार नाही. मिशीला कलप लावायचाही सोडला आहे. पिंजऱ्यात दुसरी कोंबडी त्याने घातली नाही.

लोहाऱ्याला टाकी उघडायची असली की नंदा त्याला आदल्या दिवशी कळवते. त्या दिवशी तो सकाळीच माझ्या दुकानात येतो. जयभीम घालतो, रंगाच्या डब्यावर बसतो, टोपी काढून काखेत धरतो, फोन गुडघ्यावर ठेवतो. खर्रा तोंडात टाकतो आणि गप्प बसतो. गिऱ्हाईक येतं, जातं. खर्रा कधीच चघळून झालेला असतो, तरी तो थुंकत नाही. अशा वेळी मी त्याची गंमत करत नाही.

विलासला आत फोन नेता येत नाही, तो फाटकावर जमा करून जावं लागतं. बाहेर आला की आधी फोन मागून घेतो.

गुडघ्यावरचा फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. मिस्त्री तो उचलत नाही, उचलायचा नसतोच. टोपी डोक्यावर चढवतो.

"ओरडली," माझ्याकडे पाहून म्हणतो, आणि खर्रा थुंकायला बाहेर जातो.